पृथ्वीच्या पोटातला समुद्र

आमच्या ऑफिसात एका माणसाला चुका करायचाच पगार मिळत असे. बाकी आम्ही सगळे चुका करायचो त्या हौसेने.

ठाण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, खोके बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर आमची कंपनी होती. खाली पुठ्ठा कापायच्या मशिनची धाडधाड आणि वर आम्ही मोजकी मंडळी, जगाचा इतिहास-भूगोल घराघरांत पोचवायला निघालेली. सगळ्या घराने टीव्हीसमोर बसून खेळायचा गेम होता तो. टीव्ही प्रश्न विचारणार, खाली चार पर्याय येणार, आणि आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर बटण दाबायचं. मालक तरुण होता, सगळे त्याला बॉस म्हणत. ‘फॅमिली बाँडिंग’ हा शब्द तो इतक्या वेळा वापरायचा की खालच्या कारखान्यातल्या लोकांनाही पाठ झाला असेल. स्वतः मात्र केबिनचं दार लावून, कानात इअरफोन घालून एकटा जेवायचा.

बरोबर उत्तरं लिहायला आमच्याकडे पोरं होती. इंटरनेटवरून उतरवलं की झालं. पण प्रत्येक प्रश्नाला तीन चुकीचे पर्यायही लागतात, आणि तिथे पोरांची गाडी अडायची. फ्रान्सच्या राजधानीला पर्याय म्हणून कोणी ‘चिपळूण’ लिहायचं आणि स्वतःच खिदळायचं. म्हणून सरांना घेतलं. सर कल्याणच्या एका शाळेतून निवृत्त झालेले, इतिहास-भूगोलाचे. इंटरव्ह्यूत बॉसने विचारलं, "सर, तुम्ही एक्झॅक्टली काय लिहू शकाल?"

"चुकीची उत्तरं," सर म्हणाले. "जन्मभर तपासली आहेत. तुमची मुलं लिहितात त्या चुका खोट्या आहेत. तशा कोणी करत नाही."

सरांनी लिहिलेलं स्क्रीनवर नीट बसवायचं काम माझं, म्हणून त्यांचं टेबल माझ्या शेजारी. "बाई, हे बसेल का?" हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न. शाळेतल्या सवयीने ते मला ‘बाई’ म्हणत. मी तेव्हा जीन्स घालून फिरणारी, लग्न न झालेली मुलगी. पण "अहो बाई" अशी हाक आली की उगाच पदर सावरावासा वाटायचा.

"प्रत्येक प्रश्नाला तीन नातेवाईक हवेत, बाई," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. "एक शेजारी, एक मामा, एक पाहुणा." शेजारी म्हणजे खऱ्या उत्तराला अगदी लागून असलेलं उत्तर. मामा म्हणजे लग्नाच्या पंगतीत कोणीतरी छातीठोकपणे देतं आणि सगळे माना डोलावतात ते. आणि पाहुणा म्हणजे वाट चुकून भलतीकडून आलेलं. ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली तर न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन हा शेजारी, सिडनी हा मामा, आणि व्हिएन्ना हा पाहुणा, कारण ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया यांत ज्या पोराचा घोळ होतो ते तिथे जाऊन पोचतं. "पाहुण्याला हसायचं नाही," सर म्हणत. "तो सगळ्यात लांबून चालत आलेला असतो. त्याला आधी पाणी विचारायचं."

ऑफिसात ही भाषा रुळली. "याचा मामा वीक आहे," असं बॉससुद्धा म्हणायला लागला. पाहुण्याचं मात्र त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

सर विठ्ठलवाडीला राहायचे आणि शीळफाट्यावरून फिरून येणाऱ्या बसने ठाण्याला यायचे. ट्रेन त्यांना आवडायची नाही, कारण तिच्यात भूगोल दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. रोज उशीर व्हायचा. "शीळफाटा ही आपली सुएझ आहे. एक कंटेनर आडवा झाला की सगळा व्यापार ठप्प," एवढं सांगून खुर्चीत बसत. मग पिशवीतून प्लास्टिकचा पृथ्वीगोल काढत, हवा भरायचा, चौपाटीवर पोरं खेळतात तसल्या चेंडूसारखा, आणि तोंड लाल होईपर्यंत फुंकून फुगवत. त्यावर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ होतं आणि ठिगळाखाली अख्खं मादागास्कर गेलं होतं. संध्याकाळी जगातली हवा काढून, घडी घालून, डब्याशेजारी ठेवून घरी. "राहू द्या ना सर टेबलावरच," असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, "आणि मी नसताना जगाला कोणी टाचणी लावली म्हणजे?"

हे ऐकून सर गोड म्हातारे वाटतील. ते तसे नव्हते. "सर, मी काल लवकर गेलेलो," असं कोणी म्हणालं की "गेलो होतो" असं तिथल्या तिथे सुधारायचे, मग समोरचा आपल्या आईच्या ऑपरेशनबद्दल का सांगत असेना. कोणाला शाबास म्हणाल्याचं मी ऐकलं नाही, आणि सॉरी हा शब्द तर त्यांच्या कुठल्याच यादीत नव्हता. एकदा त्यांच्या कोपराच्या धक्क्याने चहाचा कप माझ्या कीबोर्डवर उलटला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोल फिरवून ते चिलीचा किनारा बघत बसले. दुसऱ्या दिवशी पहिलाच प्रश्न माझ्या पुढ्यात आला : ‘समुद्रात चहा ओतून कोणत्या शहरातल्या लोकांनी बंड केलं?’ त्यात पाहुणा होता ‘ठाणे’. जन्मात पहिल्यांदा त्यांनी खोटी चूक लिहिली होती. मी हसेपर्यंत ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले, मी हसले तेव्हा गेले. तीच त्यांची माफी. मला तेव्हा त्या प्रकाराचं फार कौतुक वाटलं. आता वाटत नाही.

गेम अर्धामुर्धा तयार झाला तेव्हा लोक तो कसा खेळतात हे बघायला आम्ही घरोघरी जायचो. डोंबिवलीत एका घरी सर आणि मी गेलो. नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. कांदेपोहे झाले, टीव्ही लागला, सगळे रंगात आले. पनामा कालवा कोणत्या दोन महासागरांना जोडतो, असा प्रश्न आला. बायकोने हिंदी महासागर असलेला पर्याय दाबला. टीव्हीने नुसतं ‘चूक’ म्हटलं, पण नवरा कसला थांबतोय.

"हिला काय विचारताय? हिला अजून डोंबिवलीत ईस्ट कुठे आणि वेस्ट कुठे ते कळत नाही!"

सगळे हसले. तीही हसली. मग "चहा टाकते" म्हणून आत गेली. चहा आला तो मुलीच्या हातून. खेळ चालू राहिला, पण बायको काही बाहेर आली नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, त्या वेळी घासण्यासारखी काही भांडी पडलेली नसावीत.

"त्या कुठे गेल्या?" सरांनी विचारलं.

"ती आहे आत. तुम्ही घ्या हो पुढचा," नवरा म्हणाला.

सरांनी हातातला मोबाइल टीपॉयवर उपडा ठेवला. "चौघांचा खेळ आहे हा. संपला."

"अहो, अजून राऊंड बाकी आहे ना?"

"तो तुम्ही एकटे खेळा," असं म्हणून सर चपला घालायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या घरचे पोहे खाऊन आम्ही असे निघालो.

रिक्षाच्या रांगेत उभे असताना सर अचानक म्हणाले, "बाई, एक मास्तर होते. त्यांच्या वर्गात त्यांचा स्वतःचाच मुलगा होता."

मला वाटलं नवा प्रश्न सुचला असेल. ते समोरच्या वडापावच्या गाडीकडे बघत बोलत होते.

"मास्तर घरी मुलाला सांगायचे, शब्द अडला की फोडून बघ. फोडला की आत अर्थ सापडतो. भूकंप म्हणजे भूमीचा कंप. द्वीपकल्प म्हणजे द्वीपासारखं. मुलगा फोडायचा. एकदा वर्गात मास्तरांनी विचारलं, भूमध्य समुद्र कुठे आहे? मुलाने हात वर केला. म्हणाला, पृथ्वीच्या पोटात."

"कारण भू आणि मध्य," मी म्हटलं.

"कारण भू आणि मध्य. वर्ग हसायला लागला. स्वतःचाच मुलगा, म्हणून मास्तरांना जास्त लागलं. त्यांनी त्याला बाकावर उभं केलं. गाढव म्हणाले. आणि गाढव कसं ओरडतं ते करून दाखव म्हणाले."

"त्याने दाखवलं?"

"दाखवलं. आज्ञाधारक होता."

शाळा संपेपर्यंत मुलं त्याला त्या ओरडण्यानेच हाक मारायची. आता तो टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो, बायको आहे, नोकरी आहे, बापाशी बोलत नाही. सणावाराला सूनबाईचा फोन येतो, ‘हे बाहेर गेलेत’ म्हणून सांगते. बोलता बोलता ‘मास्तरांचा मुलगा’ कधी ‘आमचा’ झाला ते सरांना कळलं नसावं.

"मग त्या मास्तरांनी मुलाची माफी मागितली का?" मी विचारलं.

"मास्तर लोक माफी मागत नसतात, बाई. पुढच्या वर्षी धडा वेगळा शिकवतात."

रिक्षा आली. सर पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले, म्हणजे मागे माझ्याशी बोलायला नको.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. प्रत्येक चुकीच्या उत्तरानंतर स्क्रीनवर एक ओळ आली पाहिजे. हे उत्तर देणारा माणूस कुठून चालत आला, ते सांगणारी. व्हिएन्ना म्हटलंत? नावं सख्ख्या बहिणींसारखी आहेत, कोणाचाही घोळ होईल. अशी. बॉस म्हणाला, टेक्स्ट कोणी वाचत नाही सर. सरांनी पर्याय लिहिणंच बंद केलं आणि नुसते गोल फुगवून बसले. शेवटी बॉस तयार झाला; छोट्या असू देत म्हणाला.

भूमध्य समुद्राचा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिला. खरं उत्तर, युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये. शेजारी, आफ्रिका आणि अरबस्तान यांच्यामध्ये. मामा, विषुववृत्तावर, कारण विषुववृत्ताला हिंदीत भूमध्य रेखा म्हणतात आणि मामा बातम्या हिंदीत बघतो. पाहुणा, पृथ्वीच्या पोटात. आणि पाहुण्याची ओळ लिहायला त्यांनी आठवडे घेतले. एक शब्द काढायचे, दुसरा घालायचे, "बाई, बसेल का?" म्हणून माझ्याकडे यायचे. अखेर बसली ती अशी : ‘भू म्हणजे जमीन, मध्य म्हणजे मधोमध. मुलाने शब्द बरोबर फोडला होता. त्याला हसले, ही मास्तरांची चूक.’

मी ती माझ्या हाताने बसवली. अक्षर जरा मोठं ठेवलं.

गेमचं उद्घाटन ठाण्यातल्या एका हॉलमध्ये होतं. सरांनी सूनबाईला फोन करून सांगितलं, आणि काय झालं कोण जाणे, मुलगा यायला कबूल झाला. पास मीच पाठवले. स्टेजवर एक कुटुंब गेम खेळून दाखवणार होतं. पहिला प्रश्न भूमध्य समुद्राचाच घ्या, असं सरांनी बॉसला सांगितलं. "तोच घेऊ सर, एकदम भारी आहे तो," बॉस म्हणाला. सरांनी कोणाला विनंती केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. गोल आणला नव्हता. ‘प्रश्नकर्ते’ म्हणून त्यांना स्टेजवर खुर्ची आणि हातात माईक दिला होता. मी खाली लॅपटॉपपाशी. तिसऱ्या रांगेत एक माणूस येऊन बसला, सरांचंच कपाळ, सरांच्याच भुवया. शेजारी बायको. सरांनी त्याला पाहिलं आणि माईक या हातातून त्या हातात घेतला.

प्रश्न आला. स्टेजवरचं कुटुंब म्हणजे बॉसचीच नातेवाईक मंडळी. काय दाबायचं ते त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. त्यांच्यातल्या काकांनी ‘पृथ्वीच्या पोटात’ दाबलं. मी त्या ओळीची वाट बघत होते. ओळ आली नाही. पडदाभर एक गाढव आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरांतून ओरडायला लागलं. बॉसने बाहेरच्या माणसाकडून ते करून घेतलं होतं आणि आदल्या दिवशी मी बसवलेल्या ओळी काढून प्रत्येक पाहुण्याच्या ओळीच्या जागी ते टाकलं होतं. मला सांगायचीही त्याला गरज वाटली नव्हती.

हॉल हसून हसून लोळला. तिसऱ्या रांगेतला माणूस उभा राहिला. निघाला नाही, नुसता उभा राहिला, सरांकडे बघत. त्याची बायको त्याचा हात ओढत होती.

"काय सर, कसं वाटलं?" बॉसने स्टेजवरून विचारलं. "बोला ना, माईक आहे तुमच्याकडे!"

सरांनी माईक तोंडाशी नेला. मला आठवतंय, मी मनातल्या मनात ती ओळ म्हणत होते, जणू मी म्हटली की ते म्हणतील.

"पुढचा प्रश्न घ्या," सर म्हणाले.

मुलगा रांगेतून बाहेर पडला आणि गेला. सरांनी कार्यक्रम शेवटपर्यंत केला. नंतर ते ऑफिसात आलेच नाहीत.

मी बॉसशी भांडले. एक गाढव काढायला तुझं काय जातंय, असं स्पष्ट विचारलं. "अगं, लोकांना सगळ्यात जास्त तेच आवडलंय," तो म्हणाला. "मुलं मुद्दाम चुकीचं दाबतायत गाढवासाठी. तू इमोशनल नको ना होऊस." त्याचं खोटं नव्हतं, तेच तर संतापजनक होतं. ज्याला हसायचं नाही म्हणून सर घसा कोरडा करायचे, त्यालाच हसायला लोक गेम घेत होते.

एका रविवारी मी टिटवाळ्याला गेले. कोणी पाठवलं नव्हतं. मला राहवेना, एवढंच. सूनबाईने पाणी दिलं. समोरच्या बिल्डिंगचं बांधकाम चालू होतं, खिडकी लावून घ्यावी लागली. मी मुलाला सगळं सांगितलं. पाहुणा, ओळ, गाढव कोणी टाकलं, सरांना काहीच माहीत नव्हतं, सगळं. ओळ पाठ होती, ती म्हणून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माईक कोणाकडे होता?" त्याने विचारलं.

"सरांकडे."

"मग?"

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मॅडम, गाढवाचं मला काही नाही. ते मला सवयीचं आहे," तो म्हणाला. "गाढव ओरडून झालं तरी मी थांबलेलो. बघत थांबलेलो, आता बोलतील. ते म्हणाले, पुढचा प्रश्न."

‘थांबलेलो’ म्हणाला. सरांनी तिथेही सुधारलं असतं.

मी उठले. परत येताना मला बॉसचा राग येत होता, त्या गाढवाचा येत होता, हसणाऱ्या हॉलचा येत होता. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सरांचा येत होता. जगातल्या यच्चयावत चुकांसाठी त्या माणसाकडे दोन गोड वाक्यं होती, आणि पोटच्या पोरासाठी एक काढायला त्याला टीव्ही लागत होता.

पुढे मी ती नोकरी सोडली, लग्न झालं. गेम जोरात चालतो. दिवाळीला माझ्या सासरीही लागला होता. माझ्या मावससासूबाईंनी व्हिएन्ना दाबलं, गाढव ओरडलं, सगळे हसले. मी चहा टाकायला आत गेले.

आणि परवा सरांचा फोन आला. कशा आहात नाही, कुठे असता नाही.

"बाई, ती ओळ. ‘मास्तरांची चूक’ऐवजी ‘माझी चूक’ केलं तर बसेल का?"

"बसेल, सर. उलट जागा उरेल."

"मलाही तेच वाटत होतं. पण मग ‘त्याला हसले’ राहणार नाही. ‘तुला हसलो’ करावं लागेल."

"मग करा."

"म्हणजे सगळं वाक्यच बदलतं."

"बदलू दे," मी म्हटलं. "पण सर, आता बसवायची कुठे? स्क्रीन कुठे आहे तुमच्याकडे?"

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग "ते बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

विठ्ठलवाडीहून टिटवाळ्याला जायचं तर कल्याणला गाडी बदलायची. एवढाच भूगोल आहे.